रूढीची जमीन, कायद्याचा मसुदा आणि ग्रामसभा: आदिवासींना नेमके कधी विचारले जाते?

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगराखालच्या एका वाडीत, काही वर्षांपूर्वी वनहक्क समितीच्या बैठकीला बसण्याचा योग आला होता. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी गावाची शीव कागदावर उतरवायची होती. सत्तरी ओलांडलेल्या एका महादेव कोळी बाबांनी ती न अडखळता सांगितली: खालच्या अंगाला ओढा, ओढ्यापासून वर वाघोबाच्या दगडापर्यंत, तिथून कड्याच्या धारेला, आणि धारेने फिरून परत देवराईच्या कोपऱ्याला. लिहून घेणारा तरुण मध्येच थांबला, कारण त्याच्यापुढच्या छापील नमुन्यात वनखात्याचा कंपार्टमेंट क्रमांक विचारलेला होता. "तो नंबर आम्ही नाय दिलेला," बाबा म्हणाले आणि पुढची खूण सांगू लागले.

जमिनीचे दोन हिशेब असतात. एक सरकारदप्तरी असतो आणि तो सातबारा, फेरफार, गट क्रमांक यांतून चालतो. दुसरा वहिवाटीचा असतो. कोणत्या कुटुंबाने कोणत्या उतारावर नाचणी-वरई पेरायची, कोणाची गुरे कोणत्या माळावर चरायची, हिरड्याचे कोणते झाड कोणी झोडायचे आणि देवराईतली वाळकी काटकीसुद्धा का उचलायची नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेले असते. या दुसऱ्या हिशेबाने जी जमीन, जे जंगल आणि जे पाणी एखाद्या समाजाकडे असते, त्याला रूढीने धारण केलेली जमीन म्हणतात. तिला कागद नसतो, पण नियम असतात, आणि ते मोडले तर जाबही द्यावा लागतो. राज्यघटनेच्या तेराव्या अनुच्छेदातील 'कायदा' या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेल्या रूढीचाही समावेश आहे. म्हणजे रूढी ही कायद्याला परकी नाही. तंटा तिथे सुरू होतो, जिथे सरकार या जमिनीविषयी नवा कायदा करते आणि ज्यांची ती वहिवाट आहे, त्यांना त्या कामात कितपत घ्यायचे हे ठरवते.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी १९२७ च्या भारतीय वन कायद्यापासून सुरुवात करावी लागते, कारण आजही बहुतेक राखीव वनांचा पाया तोच आहे. एखादे क्षेत्र राखीव करायचे झाल्यास सरकारने आधी अधिसूचना काढायची, मग वन जमाबंदी अधिकाऱ्याने आसपासच्या गावांत जाहीरनामा लावायचा आणि किमान तीन महिन्यांच्या मुदतीत ज्याचा जो हक्क असेल त्याने तो मांडायचा, अशी ही पद्धत होती. मुदतीत जो हक्क मांडला गेला नाही, तो पुरेसे कारण दाखवता न आल्यास संपुष्टात आला असे धरले जाई. अक्षरओळख नसलेल्या, सरकारी माणूस दिसला की रानात पांगणाऱ्या वाड्यांमध्ये तीन महिन्यांत किती दावे आले असतील, याची कल्पना वाचकाने करावी. तरी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. हा जाहीरनामा स्थानिक भाषेत असला पाहिजे, असे तो कायदा स्पष्ट सांगतो. परक्या सरकारला जी अट लिहून ठेवावीशी वाटली, तिच्यासाठी स्वतंत्र भारतात न्यायालयात जावे लागले. त्याकडे पुढे येतोच.

आता मुख्य मुद्दा. लोकांना विचारण्याचे दोन वेगवेगळे प्रसंग असतात. कायदा तयार होत असताना विचारणे हा पहिला, आणि झालेला कायदा एखाद्या गावात लागू करताना विचारणे हा दुसरा. आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा दुसऱ्याची. ग्रामसभेचा ठराव झाला का, गणपूर्ती होती का, सह्या खऱ्या होत्या का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ग्रामसभेने कोणत्या विषयावर बोलायचे, तिच्या ठरावाला किती वजन द्यायचे आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे ज्या खोलीत ठरते, त्या खोलीत आदिवासी समाजाला जायला वाट किती आहे? माझ्या मते भारतीय व्यवस्था दुसऱ्या प्रसंगी बऱ्यापैकी उदार आहे आणि पहिल्या प्रसंगी हात आखडता घेते.

पहिली वाट राखीव मतदारसंघांची. लोकसभेत अनुसूचित जमातींसाठी ४७ जागा राखीव आहेत. महाराष्ट्रातून त्यांपैकी नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर या ४ जागा येतात, तर विधानसभेत २५ जागा राखीव आहेत. पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील बरीच गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी खास तरतुदी असलेल्या क्षेत्रात, मोडतात, आणि त्यांच्यासाठी आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही घोडेगावला आहे. मात्र जिल्ह्यातल्या २१ विधानसभा मतदारसंघांपैकी एकही अनुसूचित जमातींसाठी राखीव नाही. शेजारचा अकोले मतदारसंघ राखीव आहे, पण तो अहिल्यानगर जिल्ह्यात. लोकसंख्येच्या सूत्राने पाहिले तर यात बेकायदा काही नाही. एवढेच की, सह्याद्रीच्या या बाजूच्या ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी मतदारांचा आवाज सभागृहात पोहोचतो तो मोठ्या, बागायती मतदारसंघाच्या आमदाराच्या मार्फत, आणि तिथे उसाचा भाव व धरणाचे आवर्तन हे विषय साहजिकच आधी येतात.

दुसरी वाट जनजाती सल्लागार परिषदेची. पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्र असलेल्या राज्यात जास्तीत जास्त २० सदस्यांची ही परिषद असते आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश सदस्य विधानसभेतील अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद आहे. नाव भारदस्त असले तरी अनुसूचीतला एक छोटा वाक्यांश नीट वाचला पाहिजे. परिषदेने सल्ला द्यायचा तो राज्यपाल जे विषय तिच्याकडे पाठवतील, त्यांवर. आपणहून एखादे विधेयक मागवून घ्यावे आणि ते आमच्या जमिनीला बाधक आहे असे सांगून थांबवावे, असा अधिकार तिला नाही. संविधान सभेत हा प्रश्न उपस्थित झाला नव्हता असे नाही. आधीच्या मसुद्यात परिषदेच्या सल्ल्याला अधिक वजन होते. १९४९ मध्ये अनुसूचीचे नवे रूप सभेपुढे आले, तेव्हा ते वजन घटल्याबद्दल सभेतले आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी आक्षेप घेतला होता.

तिसरी वाट सर्वांत कमी परिचयाची आहे, पण महाराष्ट्रात ती प्रत्यक्ष वापरली गेली आहे. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा अमुक फेरफारांसह लागू होईल, अशी अधिसूचना राज्यपाल काढू शकतात. एका अर्थाने हे कायदा दुरुस्त करणेच आहे. जंगलावरचे पिढीजात हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्यांवर जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम मानलेला होता, त्यामुळे तिथे दावा फेटाळला गेला की दावेदाराला उच्च न्यायालयाखेरीज दुसरा रस्ता उरत नसे. मे २०२० मध्ये राज्यपालांनी या अधिकाराखाली अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली अपील समित्यांची सोय केली. त्यामुळे जुन्नरच्या पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीतील फेटाळलेला दावा आता पुण्यातल्या विभागीय पातळीवर पुन्हा तपासून घेता येतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वनहक्कधारक कुटुंबांना वस्तीलगत घर बांधण्यासाठी जागा मिळावी, अशीही दुरुस्ती झाली. परंतु हे पाते दुधारी आहे. याच अधिकाराखाली २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत असा बदल झाला की, महामार्ग, रेल्वे अशा महत्त्वाच्या ठरवलेल्या सरकारी प्रकल्पांसाठी आदिवासींची जमीन घेताना ग्रामसभेच्या पूर्वमान्यतेची गरज उरली नाही. येथे अनुसूचीची आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे, जर तिला गंमत म्हणता आले तर. राज्यपालांना नवा विनियम, म्हणजे अनुसूचित क्षेत्रापुरता कायदा, करायचा असेल, तर परिषदेशी विचारविनिमय करावा लागतो आणि राष्ट्रपतींची अनुमतीही लागते. प्रचलित कायद्यात फेरफार करणाऱ्या अधिसूचनेसाठी मात्र यातली कोणतीच अट मजकुरात घातलेली नाही.

हेच चित्र ईशान्येकडे वेगळे दिसते. सहाव्या अनुसूचीखालील स्वायत्त जिल्हा परिषदा राखीव वनाबाहेरील जमिनीचे वाटप व वापर, फिरती शेती आणि वारसा या विषयांवर स्वतः कायदे करतात. नागालँडच्या बाबतीत तर अनुच्छेद ३७१-क असे सांगतो की, नागांचा रूढ कायदा आणि जमिनीची मालकी व हस्तांतरण यांविषयी संसदेने केलेला कायदा तेथील विधानसभेने ठराव केल्याखेरीज लागूच होणार नाही. एकाच घटनेत एका प्रदेशातील समाजाला कायदा करण्याचा अधिकार, तर दुसऱ्या प्रदेशातील समाजाला विचारले तर सल्ला देण्याचा अधिकार, असा हा फरक आहे. पाचव्या अनुसूचीच्या गावांना स्वशासन मिळावे, म्हणून दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९९६ मध्ये पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा, आला. पंचायतींविषयीचा राज्याचा कायदा रूढ कायद्याशी सुसंगत असला पाहिजे, असे त्याचे पहिलेच तत्त्व आहे. महाराष्ट्राने त्याचे स्वतंत्र नियम केले ते २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी.

मग आदिवासींनी घडवलेला असा कायदा नाहीच का? आहे, आणि तो कसा घडला ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तो या तिन्ही वाटांनी आलेला नाही. मे २००२ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयातून राज्यांना पत्र गेले की, वनजमिनीवरील अतिक्रमणे काही महिन्यांत काढून टाकावीत. कागदावर अतिक्रमण असलेली ही शेती पुष्कळ ठिकाणी वन राखीव होण्याच्या आधीपासूनची होती. आपल्याकडे तिला जबरानजोत म्हणतात, आणि कसणाऱ्याच्या कपाळी लागलेला गुन्हा त्या शब्दातच आहे. देशभर झोपड्या मोडल्या गेल्या, उभी पिके गेली. त्यातून वेगवेगळ्या राज्यांतील संघटना एकत्र आल्या, आणि नुसती कारवाई थांबवा एवढ्यावर न थांबता हक्क मान्य करणारा कायदाच करा, ही मागणी पुढे आली.

१३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत वनहक्काचे विधेयक मांडले गेले. ते फक्त अनुसूचित जमातींपुरते होते, त्यात २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीचा कब्जाच धरला जाणार होता आणि कुटुंबामागे अडीच हेक्टरांची मर्यादा होती. विधेयक किशोर चंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे गेले, आणि इथे नेहमीपेक्षा वेगळे घडले: संघटना आणि जाणकार यांची निवेदने व साक्षी समितीपुढे आल्या, आणि मे २००६ च्या अहवालात त्यांचे प्रतिबिंब पडले. कायदा झाला तेव्हा पिढीजात जंगलावर अवलंबून असलेले इतर रहिवासीही त्यात आले, कब्ज्याची तारीख विधेयक मांडले त्या दिवसापर्यंत, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पर्यंत पुढे सरकली आणि मर्यादा चार हेक्टरांची झाली. पंचवीस वर्षांनी पुढे आलेल्या या एका तारखेने किती घरे वाचली असतील, हे ज्यांनी गावपातळीवर दावे भरून घेतले आहेत त्यांना सांगायला नको. पुढे आलेल्या नियमांत पुराव्याच्या यादीमध्ये गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन हाही पुरावा मानला गेला. वाघोबाचा दगड दाव्यात लिहिता येतो तो या तरतुदीमुळे. तरीही शेवटचा शब्द ग्रामसभेकडे आला नाही. दाव्याची सुरुवात आणि पडताळणी तिची, पण निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा. लोकांचा सहभाग किती खोल गेला आणि नेमका कुठे अडला, हे दोन्ही या एका कायद्यात पाहायला मिळते.

कायद्याच्या भाषेतील एक जोडी इथे समजून घेतली पाहिजे: 'विचारविनिमय' आणि 'संमती'. पेसा म्हणतो की, अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करावा. विचारविनिमयात समोरचा नाही म्हणाला, तरी ते ऐकून घेऊन पुढे जाता येते. शिवाय 'किंवा' या शब्दामुळे वाडीला न विचारता वरच्या पंचायतीला विचारले तरी भागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रासाठी 'पूर्वसंमती' हा शब्द आणला, जो पुष्कळ भक्कम आहे. 'किंवा' मात्र तिथेही आहेच. संमतीचा अर्थ काय होऊ शकतो, हे देशाने त्याच वर्षी ओडिशात पाहिले. नियमगिरी डोंगरातील बॉक्साइटच्या खाणीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांनी आपल्या धार्मिक व सामूहिक हक्कांचा विचार करून मत द्यावे, असा निर्णय दिला, आणि डोंगरिया कोंध व इतर रहिवाशांच्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. पुढच्या वर्षी केंद्राने परवानगी नाकारली. हा विजय मोठा होता, पण ग्रामसभांपुढे प्रश्न होता तो त्या एका खाणीचा. खनिजांचा कायदा कसा असावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे कोणी ठेवला नव्हता.

कायदे नुसते संसदेत होतात असेही नाही. गावाच्या रोजच्या जगण्याला अधिक भिडणारे नियम मंत्रालयांच्या अधिसूचनांतून येतात. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघते आहे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील गावेही त्यात आहेत. हरकती व सूचनांसाठी ६० दिवस. आता या साठ दिवसांकडे डोंगरातल्या घरातून पाहावे. ऑगस्टच्या सुरुवातीला भाताची लावणी नुकती उरकलेली असते किंवा उरकत असते, त्यामागून बेणणी येते, धो-धो पावसात वीज आठ-आठ दिवस जाते आणि मोबाइलला रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते. अशा दिवसांत दिल्लीच्या राजपत्रात निघालेला मसुदा मिळवायचा, वाचायचा, त्यावर ग्रामसभा घ्यायची आणि हरकत पाठवायची. घाटातले जंगल राखावे हे मलाही मनापासून वाटते, आणि देवराया राखणाऱ्यांना ते नव्याने शिकवण्याची गरजही नाही. पण ज्याला मुदतीत उत्तर देणेच शक्य नाही, त्याला विचारले होते असे नंतर म्हणणे बरोबर नाही.

भाषेचे तर विचारूच नका. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला तो आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत उपलब्ध करण्याचे आदेश द्यावे लागले. एवढे होऊनही बहुतेक आदिवासी भाषा बाहेरच राहतात, कारण त्या २२ मध्ये संथाली आणि बोडो या दोनच आदिवासी समाजांच्या भाषा आहेत. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर आणि गोंडी बोलणाऱ्यांची २९ लाखांच्या आसपास होती, तरी त्या यादीत नाहीत. आंबेगाव-जुन्नरकडे मराठीत काम भागते. नंदुरबार आणि गडचिरोलीत ते भागत नाही.

जगात इतरत्र काय होते, याची एकच तुलना देतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला फिनमार्क प्रांत आहे, जिथे सामी हे मूळनिवासी लोक रेनडियर पाळतात. तेथील जमिनीविषयीचे सरकारी विधेयक २००३ मध्ये आले, तेव्हा सामींच्या निर्वाचित संसदेने ते अमान्य केले. त्यानंतर राष्ट्रीय संसदेच्या समितीने सामी संसदेशी आणि प्रांतिक परिषदेशी समोरासमोर बसून मसुद्यावर चर्चा केली, तो बदलला, आणि २००५ मध्ये कायदा झाला. प्रांतातील सुमारे ९५ टक्के जमीन ज्या संस्थेकडे गेली, तिच्या सहा जणांच्या मंडळावर तीन सदस्य सामी संसद नेमते. संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी समाजांच्या हक्कांविषयीच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील एकोणिसावा अनुच्छेद नेमके हेच मागतो: आदिवासी समाजांवर परिणाम करणारा कायदा करण्यापूर्वी त्यांची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती. भारताने त्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले आहे. मात्र आपल्याकडे सर्वच नागरिक मूळनिवासी आहेत, अशी सरकारची भूमिका असल्याने त्याचा देशी कायद्यांवर फारसा परिणाम झालेला नाही.

सहभागाचे एक देशी रूप मात्र सांगायला हवे, कारण त्यात परवानगी मागण्याचा सूरच नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा दिली. या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्याच हाती हवे, या आग्रहापुढे २०११ मध्ये सरकारला झुकावे लागले. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. अभ्यासगटात कायदा आधी समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत ठरवायचे, ही त्यांची रीत आहे. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या जंगलाच्या व्यवस्थापनाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे, पण तो वापरायला अशी तयारी लागते.

आंबेगावच्या त्या वाडीत दावा लिहून झाल्यावर मी ग्रामसभेचे इतिवृत्ताचे रजिस्टर पाहायला मागितले होते. निळ्या शाईतल्या शाळकरी अक्षरात त्यात एक ठराव होता: बाळहिरडा झोडताना कोणी फांदी तोडणार नाही, ठरलेल्या दिवसाआधी कोणी झाडाला काठी लावणार नाही, मोडेल त्याला दंड. खाली सह्या, आणि सह्यांपेक्षा अंगठे जास्त. दंडाची रक्कम आधी शंभर लिहून खोडलेली होती आणि त्यावर पन्नास केलेले होते. विचारले तेव्हा कळले की, एका म्हातारीने भर सभेत उठून विचारले होते, "मी मोडली तर शंभर कुठून आणू?", आणि त्यावर तासभर चर्चा होऊन आकडा बदलला होता.